छिद्रविचार

धातूच्या पत्र्यास भोक पाडणे हे कृत्य इतके क्षुल्लक आहे की, नीतीच्या दृष्टीने त्यासंबंधी लिहिण्याजोगे काही असेल, असे वाचकांस सहसा वाटणार नाही. काही महिन्यांपूर्वीपर्यंत आम्हांसही वाटत नव्हते. चोरी, असत्य, विश्वासघात, कृतघ्नता हे नीतिविचाराचे जुने आणि मान्य विषय होत. त्यांच्या पंक्तीस हातात धरून चालवावयाच्या ड्रिलास आणून बसविणे म्हणजे लेखकास विषयांचा दुष्काळ पडल्याची कबुली होय, असा आक्षेप कोणी घेतल्यास तो आम्ही निमूटपणे ऐकून घेऊ. तथापि मोठ्या प्रसंगी मनुष्य सावध असतो, चार माणसांचा सल्ला घेतो, लोक काय म्हणतील याचा विचार करतो. लहान कामात यांपैकी काहीच होत नाही, आणि म्हणूनच त्यात घडणारी चूक बहुधा कोणाच्या ध्यानातही येत नाही. आमच्या हातून घडलेली अशी एक चूक येथे प्रथम सांगतो. विचार तिच्यापासूनच सुरू झाला.

आमच्या जळगावच्या घरी माळ्यावर तांब्याचे एक घंगाळ होते. वजन सहा किलोच्या आसपास, दोन बाजूंस पितळी कड्या, आणि काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले आमच्या आजीचे नाव. न्हाणीघरात नळाचे गरम पाणी येऊ लागल्यापासून त्यास कोणी हात लावला नव्हता. ते खाली काढून त्यात तुळस लावावी, अशी कल्पना एका रविवारी आमच्या मनात आली. झाड जगावयाचे तर बुडातून पाण्याचा निचरा झाला पाहिजे. घरात भिंतीवर फळ्या बसविण्यासाठी घेतलेले, विजेरीवर चालणारे ड्रिल होतेच. त्यास १२ मिलिमीटरचे बिट लावले, घंगाळ अंगणात उपडे घातले, आणि पाच मिनिटांत पाच भोके पाडून मोकळे झालो. त्यांतील तीन गोल झाली. पत्र्याच्या पाठीशी लाकडाचा ठोकळा न दिल्यामुळे दोन तिकोनी आणि फाटक्या काठांची झाली. माती भरल्यावर ती कोणास दिसणार नव्हती, म्हणून त्यांचेही काही वाटले नाही.

चार दिवसांनी धुळ्याहून आमच्या आत्याबाई आल्या. तुळशीपाशी त्या क्षणभर थांबल्या, काठाखालच्या नावावरून त्यांनी बोट फिरविले आणि त्यांच्या नित्याच्या अहिराणीत विचारले, "हाई काय करं रे भाऊ?" आम्ही उत्साहाने सर्व सांगितले. त्या रागावल्या नाहीत. घरात येऊन बसल्यावर एवढेच म्हणाल्या की, बहात्तरच्या दुष्काळात घरातली चांदी मोडीत गेली, तेव्हाही आईने हे घंगाळ मोडीत घालू दिले नव्हते. सारे घर त्या एका घंगाळातल्या पाण्यात अंघोळ करी, आणि उरलेले पाणी गुरांकडे जाई. मग त्यांनी चहा घेतला आणि दुसरा विषय काढला. आम्हांस मात्र त्या दिवसापासून तो विषय सोडवेना.

आपण नेमके काय गमाविले, याचा प्रथम आम्ही हिशेब करून पाहिला. १ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या पत्र्यात १२ मिलिमीटर व्यासाचे भोक पाडले असता जेमतेम १ ग्रॅम तांबे बाहेर पडते. पाच भोकांचे मिळून ५ ग्रॅम. म्हणजे घंगाळाच्या वजनाचा हजारावा भागही नाही. तो कीसही अंगणातच सांडला होता, जगातून नाहीसा झाला नव्हता. आमच्या गावच्या सराफ बाजारात तर असा कण वाया जाऊच देत नाहीत. सोनाराच्या दुकानातील केर झारेकरी नेतो, धुतो आणि त्यातले सोने वेगळे काढतो. परंतु झारेकऱ्याच्या परातीत सोने परत मिळते, दागिना परत मिळत नाही. द्रव्याचा हिशेब जुळला तरी वस्तूचा हिशेब जुळत नाही, आणि नीतीचा प्रश्न नेमका या दुसऱ्या हिशेबात आहे.

भोक ही काय चीज आहे, याचा विचार आपल्या पूर्वजांनी फार सूक्ष्मपणे करून ठेविला आहे. नैयायिकांनी जगातील पदार्थ मोजताना भावरूप पदार्थांच्या जोडीस 'अभाव' हा एक स्वतंत्र पदार्थ मानला. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने लिहिलेला 'तर्कसंग्रह' हा न्यायाच्या विद्यार्थ्याचा पहिला ग्रंथ. त्यात हा सातवा पदार्थ म्हणून येतो आणि त्याचे चार प्रकार दिलेले आहेत. त्यांपैकी दोन आपल्या कामाचे आहेत. वस्तू उत्पन्न होण्यापूर्वी तिचा जो अभाव असतो तो प्रागभाव. त्यास आरंभ नाही, पण अंत आहे. वस्तू झाली की तो संपला. वस्तू नष्ट झाल्यानंतरचा जो अभाव तो प्रध्वंसाभाव. त्यास आरंभ आहे, पण अंत नाही. घडा फुटल्याची घटका सांगता येते. तो फुटलेला असणे केव्हा संपेल, हे सांगता येत नाही, कारण ते संपतच नाही. त्याच मातीचा दुसरा घडा केला तरी तो दुसरा घडा होय. घड्याचा एखादा तुकडा उडाला तर पहिला घडा गेला आणि 'खंडघट' या नावाचा नवा पदार्थ उत्पन्न झाला, असे म्हणण्यापर्यंत या शास्त्रकारांची मजल गेली आहे.

विद्यार्थिदशेत हे सारे शब्दांचे खेळ वाटतात. घंगाळाच्या बुडाकडे पाहताना ते तसे वाटले नाहीत. ज्यास आरंभ आहे पण अंत नाही असे काहीतरी आम्ही एका रविवारी, चहाच्या दोन कपांच्या मध्ये, उत्पन्न केले होते.

यावर वेदान्ती हसेल. खानदेशात वेदान्त्यास शोधावयास दूर जावे लागत नाही. अमळनेर येथे प्रताप शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञानमंदिर स्थापिले आणि तेथे अद्वैताच्या अध्ययनास मोठे स्थान मिळाले. वेदान्ती म्हणेल की, घटातील आकाश आणि बाहेरील आकाश ही दोन नव्हेतच. घटास भोक पडले काय किंवा घट फुटला काय, आकाशास काहीच होत नाही. हे म्हणणे आम्ही नाकारीत नाही. पण आकाशास भोक पडत नसले तरी तांब्यास पडते, आणि आत्याबाईंचे बोट आकाशावरून फिरत नव्हते. व्यवहाराचा दोष परमार्थाच्या नावाखाली झाकणे हा वेदान्ताचा उपयोग नव्हे, दुरुपयोग होय. आणि तो आपल्या समाजात पुष्कळदा झालेला आहे.

एवढ्यावरून कोणी असे समजेल की, भोक पाडणे हेच मुळी पाप, असे आम्ही म्हणत आहो. तसे मुळीच नाही. साक्री तालुक्यातील कासारे या गावी सेंद्रक घराण्याचा सातव्या शतकातील ताम्रपट सापडला आहे. ताम्रपटांची जुनी रीत अशी की, पत्र्यांस भोक पाडून त्यातून तांब्याची कडी ओवावयाची आणि तीवर राजमुद्रा ठोकावयाची. दान 'आचंद्रार्क' चालावे, म्हणजे चंद्रसूर्य असेतो टिकावे, असा त्यात संकल्प असे, आणि त्या संकल्पाची पाने सुटी होऊ न देण्याचे काम ते भोक करी. पुष्कळ ताम्रपटांवर अक्षरांच्या ओळी भोकाभोवती जागा सोडून कोरलेल्या दिसतात. म्हणजे शब्द लिहिण्यापूर्वीच भोकाची जागा ठरलेली होती. भुसावळच्या रेल्वेच्या कारखान्यात जा, तापीवरील पुलाचे लोखंड पाहा. सांधण्यासाठी पाडलेल्या भोकांवाचून यांतले काहीही उभे राहिले नसते. इतकेच काय, पत्र्यास तडा गेला असता तो पुढे वाढू नये म्हणून कारागीर तड्याच्या टोकाशी मुद्दाम एक लहान गोल भोक पाडतो. तड्याच्या तीक्ष्ण टोकावर एकवटलेला ताण गोल काठावर पसरतो आणि तडा तेथे थांबतो. असे भोक म्हणजे औषध होय.

परंतु हे औषधही फुकट मिळत नाही. जर्मन अभियंता किर्श याने १८९८ साली गणिताने दाखवून दिले की, रुंद पत्र्यास एका दिशेने ताण दिला असता त्यातील लहान गोल भोकाच्या काठावर तो ताण तिप्पट होतो. जे तांबे काढून टाकले त्याच्या वाट्याचा भार नाहीसा होत नाही. तो शेजारच्या तांब्यावर पडतो. कुटुंबातील एक माणूस उठून गेले असता काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस हे गणित समजण्यास अडचण पडणार नाही. म्हणून भोक चांगले की वाईट हा प्रश्न नसून, त्याची जागा कोणी व किती विचाराने ठरविली, आणि त्याचा भार ज्यांच्यावर पडावयाचा त्यांस विचारले काय, हा प्रश्न आहे.

येथे हत्याराचा संबंध येतो. जुना सुतार किंवा सोनार भोक पाडी ते सामत्याने. सामत्याच्या दांड्यास कमानीच्या दोरीचा वेढा द्यावयाचा, वरून एका हाताने दाब ठेवावयाचा आणि दुसऱ्या हाताने कमान पुढेमागे ओढावयाची. जाड पत्रा असला तर पाच भोकांस अर्धा दिवस जाई. पुढे १८९५ साली स्टुटगार्ट येथे फाइन याने हाती धरावयाचे विजेचे ड्रिल केले. १९१७ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथील ब्लॅक आणि डेकर या जोडीस पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाखाली दाबावयाचा खटका असलेल्या ड्रिलाचे एकस्व मिळाले. आज आमच्यासारख्या, कारागिरीचा गंध नसलेल्या मनुष्याच्या कपाटातही ते असते. कारखान्यातील यंत्र जमिनीस जखडलेले असते. काम त्याच्याकडे न्यावे लागते, आणि नेता नेता चार जणांच्या दृष्टीस पडते. हाती धरावयाचे ड्रिल वस्तूकडे जाते. इच्छा आणि भोक यांच्यामध्ये आता एका बोटाच्या दाबाएवढेच अंतर उरले आहे.

पूर्वीचे सर्व चांगले आणि आताचे सर्व वाईट, असे रडगाणे गाण्याचा आमचा हेतू नाही. सामत्याच्या कमानीवर दिवसभर दमणाऱ्या शिकाऊ पोराचे हात ज्यांनी पाहिले असतील, ते त्या हत्याराची गोडवी गाणार नाहीत. यंत्राने श्रम वाचविले हे त्याचे पुण्यच होय. पण श्रमाबरोबर दुसरीही एक गोष्ट त्याने नकळत काढून घेतली, ती म्हणजे विलंब. या विलंबाचा उपयोग मनुष्यास पुनर्विचार करता यावा एवढाच असतो, असे आम्ही पूर्वी समजत होतो. आता आम्हांस त्याचा दुसरा आणि मोठा उपयोग दिसतो. सामत्याने घंगाळास भोक पाडावयास आम्ही अंगणात अर्धा दिवस बसलो असतो, तर येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारले असते, "काय चालले आहे?" शेजारच्या आजीबाई डोकावल्या असत्या. कंटाळून काम दुसऱ्या रविवारवर टाकले असते, आणि मधल्या चार दिवसांत धुळ्याची गाडी आली असती. हत्याराचा संथपणा हा इतरांस बोलण्यासाठी मिळालेला अवकाश होता. आमच्या वेगाने आमचा पश्चात्ताप टळला नाही. आत्याबाईंची संमती किंवा नकार मात्र टळला.

तर मग जो विलंब पूर्वी हत्यार करवून घेत असे, तो आता मनुष्याने आपण होऊन केला पाहिजे, हे ओघानेच आले. पण म्हणजे प्रत्येक कामात घुटमळत राहावे, असे मात्र नव्हे. याचा निवाडा खुद्द कारागिरीतच सापडतो. चांगला कारागीर प्रथम आखणी करतो. मग पंच ठेवून हातोडीचा एक हलका ठोका देतो आणि ड्रिलाचे टोक घसरू नये एवढीच खळी पाडतो. मग लहान भोक, आणि त्यावरून मोठे. कामाचा तुकडा तो पक्का जखडतो, पाठीशी लाकूड देतो, तेलाचे दोन थेंब सोडतो. बिट पलीकडे निघावयाच्या वेळी तो दाब कमी करतो, कारण पत्रा नेमका त्याच क्षणी बिटास धरतो आणि मनगटास हिसका देतो. शेवटी भोकाचे काठ घासून साफ करतो, म्हणजे पुढे कोणाचे बोट कापू नये. या साऱ्या क्रमात भोकाचा म्हणून वेळ फार थोडा. बाकीचा सर्व वेळ भोकापूर्वीचा आणि भोकानंतरचा. खळी पडेपर्यंत मागे फिरता येते. त्यापुढे येत नाही, हे त्यास ठाऊक असते, म्हणूनच तो त्या अलीकडच्या कामास इतका वेळ देतो.

आणि एकदा आरंभ केला की तो कचरत नाही. स्टेनलेस पोलादाचे उदाहरण या बाबतीत मोठे बोधक आहे. या पोलादावर भीत भीत, पुरेसा दाब न देता ड्रिल नुसते वेगाने फिरवीत राहिले, तर कापले जाण्याऐवजी त्याचा पृष्ठभाग घासून अधिकच कठीण होतो, आणि मग चांगले बिटही तेथे चालेनासे होते. वेग कमी आणि दाब निश्चित, हीच त्याची रीत. म्हणजे विचाराची जागा आरंभापूर्वी आणि निश्चयाची जागा आरंभानंतर. आमच्यासारखे लोक बहुधा याच्या उलट करतात. विचारावाचून आरंभ करतात आणि अर्ध्यावर आल्यावर विचारास बसतात.

उरतो तो अधिकाराचा प्रश्न. घंगाळ आमचे होते, त्यावर दुसऱ्या कोणाचा दावा नव्हता, मग आत्याबाईंस विचारण्याचे कारण काय, असे कोणी म्हणेल. कायद्याच्या दृष्टीने हे म्हणणे कदाचित निर्दोष असेल. परंतु घरातील जुन्या वस्तूंच्या बाबतीत मालकी ही गोष्ट आम्हांस आता पूर्वीइतकी स्पष्ट दिसत नाही. त्या घंगाळात ज्यांनी दुष्काळाचे पाणी वाटून घेतले, त्यांचा त्यावर काहीच हक्क नाही काय? ज्या आजीने चांदी दिली पण ते दिले नाही, तिचा निर्णय तिच्याबरोबर संपला काय? वस्तू वापरणे, घासणे, ठेवणे, देणे, हे सर्व अधिकार आमचे आहेत. यांतील कोणत्याही कृत्याने पुढच्या माणसाचा मार्ग बंद होत नाही. जे कृत्य परत फिरविता येत नाही, त्यापुरते मात्र आम्ही मालक नसून विश्वस्त आहो, असे मानणे अधिक न्याय्य होईल. धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळ १९२७ सालापासून जुने कागद जपीत आले आहे. ते कागद कोणा ना कोणा घराच्या माळ्यावरच पडलेले होते, आणि ज्या घरांनी ते रद्दीत किंवा बंबात घातले नाहीत, त्या घरांनी आपण काय राखीत आहो हे पुरते न कळताच राखले. न कळणे हा नाश करण्याचा परवाना नसून थांबण्याचे कारण होय, असे त्या घरांच्या वागण्यावरून आम्ही समजतो.

दिवाळीत धुळ्यास गेलो असता तेथील एका तांबटास आम्ही विचारले की, अशी भोके बुजविता येतील काय. तो म्हणाला, "डाग देऊन देतो, पाणी धरील. पण डाग दिसेल हो." मग थोडे थांबून त्याने विचारले, "आता त्यात काय ठेवले आहे?" तुळस आहे, असे सांगताच तो हसला आणि म्हणाला, "मग राहू द्या की. आता ते तिचे झाले."

आम्ही ते राहू दिले आहे. नैयायिकाच्या हिशेबाने आजीचे घंगाळ गेले आणि तुळशीचे घंगाळ उत्पन्न झाले. पहिल्याचा अभाव संपावयाचा नाही, तसाच दुसऱ्याचा भावही खोटा नाही. दोन तिकोनी भोकांचे फाटके काठ तेवढे माती काढून आम्ही घासून घेतले, कारण ते काम करावयाचे राहिले होते. आत्याबाई पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी आपण होऊन तुळशीस पाणी घातले. खालून ते पाच धारांनी निघाले. त्या काही बोलल्या नाहीत, आणि आम्हीही नाही.

ड्रिलाच्या पेटीत आम्ही आता एक पंच आणून ठेविला आहे, आणि घरात एवढाच नियम केला आहे की, जुन्या वस्तूस भोक पाडावयाचे असेल तर आज खूण करावी आणि ती सर्वांस दिसेल अशा जागी वस्तू ठेवावी. भोक पुढच्या रविवारी.